८,७५,३९,३१९ : मोठ्या संख्येचे गुणधर्म टप्प्याटप्प्याने कसे शोधायचे

आठ-दहा अंकी संख्या समोर आली आणि ‘ही मूळ आहे का, हिचे विभाजक किती, ही वर्गांच्या किंवा घनांच्या बेरजेत मांडता येते का’ असे प्रश्न एकदम पडले, की सुरुवात कुठून करायची तेच नवख्याला कळत नाही. क्रम नीट ठेवला तर यातलं जवळपास सगळं काम कागदावर होतं. आधी बाक्या, मग मूळ अवयव, आणि बाकीचे गुणधर्म त्या अवयवांतून, असा तो क्रम आहे.

उदाहरण म्हणून इथे एकच संख्या घेऊन शेवटपर्यंत जाऊ: ८,७५,३९,३१९. रामानुजन यांच्या नावाशी जोडलेली १७२९ ही दोन धन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी सर्वात लहान संख्या आहे. तशी बेरीज तीन प्रकारे होणारी सर्वात लहान संख्या म्हणजे आपली ही आठ अंकी संख्या. जॉन लीच यांनी ती १९५७ मध्ये दिली. हे तीन प्रकार आपण पाठ करणार नाही. ते शोधून काढायचे आहेत, आणि तेही हाताने.

काय लागेल

- कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर (किमान दहा अंक दाखवणारा)
- १०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी, एकूण २५
- १ ते ३० चे वर्ग आणि १ ते १० चे घन पाठ असतील तर वेळ वाचतो
- पडताळ्यासाठी संगणक असल्यास पायथॉन किंवा पारी-जीपी (संख्यांच्या गणितासाठीची संगणक प्रणाली). सक्ती नाही

१. संख्या नीट उतरवून घ्या

हा टप्पा क्षुल्लक वाटतो, पण सगळ्यात जास्त वेळ इथल्या चुकांमुळे वाया जातो. एक अंक इकडचा तिकडे झाला तर पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर दुसऱ्याच संख्येचं येतं. अंक मोजून लिहा: आठ अंक, ८ ७ ५ ३ ९ ३ १ ९. वाचूनही बघा: आठ कोटी पंच्याहत्तर लाख एकोणचाळीस हजार तीनशे एकोणीस.

आता सापळा. आपण स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने देतो, म्हणजे शेवटचे तीन अंक सोडले की पुढे दोन-दोनचे गट. विभाज्यतेच्या काही कसोट्यांना मात्र तीन-तीनचे गट लागतात. ८,७५,३९,३१९ मधले स्वल्पविराम तसेच ठेवून ती कसोटी लावली तर उत्तर हमखास चुकतं. म्हणून शेजारी दुसऱ्यांदा, उजवीकडून तीन-तीन अंक मोजून लिहा: ८७ | ५३९ | ३१९.

संगणकात टाकताना स्वल्पविराम काढून टाका. देवनागरी अंक थेट चिकटवले तर अनेक साधनं त्यांना मजकूर समजतात, तेव्हा अंक त्या साधनाला चालतील असेच टंकलिखित करा.

२. भागाकाराआधी बाक्या काढा

२ आणि ५: शेवटचा अंक ९, म्हणून दोन्हींनी भाग जात नाही.

९: अंकांची बेरीज ८+७+५+३+९+३+१+९ = ४५. ४५ ला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. ३ तर आलाच.

८: शेवटचे तीन अंक पुरतात. ३१९ = ८ × ३९ + ७, म्हणून बाकी ७. ही बाकी कोपऱ्यात लिहून ठेवा. वर्गांच्या वेळी ती फार मोठं काम करते.

७, ११, १३: या तिघांचा गुणाकार १००१ येतो, म्हणून एकाच हिशेबात तिघांचाही निकाल लागतो. तीन-तीनचे गट उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे करा: ३१९ − ५३९ + ८७ = −१३३. १३३ = ७ × १९, म्हणून ७ ने भाग जातो. १३३ ला ११ ने किंवा १३ ने भाग जात नाही, म्हणून आपल्या संख्येलाही जात नाही. ११ ने भागल्यावर −१३३ ची बाकी −१, म्हणजेच १० येते. हीसुद्धा लिहून ठेवा, पडताळ्याला लागेल.

३. मूळ अवयव पाडा

नियम साधा आहे. लहान मूळ संख्येपासून सुरू करा, भाग गेला की भागाकार घ्या आणि *त्याच* मूळ संख्येने पुन्हा भागून बघा. भाग जायचा थांबला की पुढच्या मूळ संख्येकडे वळा.

८,७५,३९,३१९ ÷ ९ = ९७,२६,५९१. इथे थांबू नका. नव्या संख्येच्या अंकांची बेरीज ३९, म्हणजे ३ ने अजून एकदा भाग जातो: ३२,४२,१९७. हिच्या अंकांची बेरीज २८. आता ३ संपला. एकूण ३³. ‘९ ने भागलं, झालं’ म्हणून पुढे जाणं ही नेहमीची चूक आहे. तिसरा ३ हातातून सुटला की विभाजकांची संख्या, त्यांची बेरीज, सगळंच बिघडतं.

३२,४२,१९७ ÷ ७ = ४,६३,१७१. पुन्हा ७? १७१ − ४६३ = −२९२, आणि २९२ ला ७ ने भाग जात नाही. ११ आणि १३ आधीच बाद झाले आहेत. आपल्या संख्येला ज्याने भाग जात नाही त्याने तिच्या कुठल्याही विभाजकाला जात नाही, म्हणून ते पुन्हा तपासू नका.

किती दूरपर्यंत जायचं? उरलेल्या संख्येच्या वर्गमूळापर्यंत. ही मर्यादा प्रत्येक भागाकारानंतर *नव्याने* काढायची असते. सुरुवातीला ती ९,३५६ होती. ३³ काढल्यावर १,८०० झाली, ७ काढल्यावर ६८०. जुनीच मर्यादा धरून बसलात तर शेकडो भागाकार उगाच कराल.

४,६३,१७१ साठी:

१७ — बाकी ६
१९ — बाकी ८
२३ — बाकी २०
२९ — बाकी १२
३१ — बाकी ०, भागाकार १४,९४१

आता मर्यादा एकदम १२२ वर आली (१२२² = १४,८८४, १२३² = १५,१२९). पुन्हा ३१ पासून:

३१ — बाकी ३०
३७ — बाकी ३०
४१ — बाकी १७
४३ — बाकी २०
४७ — बाकी ४२
५३ — बाकी ४८
५९ — बाकी १४
६१ — बाकी ५७
६७ — बाकी ०, भागाकार २२३

२२३ चं वर्गमूळ १५ पेक्षा कमी आहे आणि तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आपण ओलांडून आलो आहोत. म्हणून २२३ मूळ आहे, वेगळी तपासणी नको.

८,७५,३९,३१९ = ३³ × ७ × ३१ × ६७ × २२३

४. पडताळा घ्या, पण योग्य पडताळा

नऊ टाकून (म्हणजे ९ च्या बाक्या जुळवून) पडताळा घेण्याची सवय चांगली, पण इथे ती फसवी आहे. संख्या ९ च्या पटीत असल्यामुळे ज्या चुकीच्या गुणाकारात ३² आहे तो प्रत्येक गुणाकार या पडताळ्यात पास होईल. ६७ च्या जागी ७१ लिहिलंत तरी कळणार नाही.

म्हणून ११ च्या बाक्या वापरा. २७ ची बाकी ५, ७ ची ७, ३१ ची ९, ६७ ची १, २२३ ची ३. गुणत जा आणि ११ टाकत जा: ५ × ७ = ३५ → २; २ × ९ = १८ → ७; ७ × १ = ७; ७ × ३ = २१ → १०. दुसऱ्या टप्प्यात आपल्या संख्येची बाकी १० च आली होती. यानंतर एकदा पूर्ण गुणाकार कराच: १८९, ५,८५९, ३,९२,५५३, ८,७५,३९,३१९.

५. अवयवांतून मिळणारे आकडे

विभाजकांची संख्या: प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा. ४ × २ × २ × २ × २ = ६४. यात १ आणि संख्या स्वतः धरलेली आहे.

विभाजकांची बेरीज: ३³ साठी १ + ३ + ९ + २७ = ४०, बाकीच्यांसाठी ८, ३२, ६८, २२४. गुणाकार १५,५९,७५,६८०. अनेक जण २७ ला मूळ संख्येसारखं वागवून ४० च्या जागी २८ घेतात, ते टाळा. यातून संख्या स्वतः वजा केली की उरतात ६,८४,३६,३६१. संख्येपेक्षा कमी, म्हणून ही न्यून संख्या. ही बेरीज संख्येइतकी आली असती तर परिपूर्ण, जास्त आली असती तर विपुल.

सहमूळ संख्या: १ पासून आपल्या संख्येपर्यंत किती संख्यांचा तिच्याशी मसावि १ आहे? १८ × ६ × ३० × ६६ × २२२ = ४,७४,७२,४८०. इथेही २७ साठी २६ नव्हे, १८ घ्यायचे (२७ − ९).

सलग संख्यांची बेरीज: संख्या विषम आहे, म्हणून तिचे ६४ ही विभाजक विषम. दोन किंवा अधिक सलग धन संख्यांची बेरीज म्हणून ती ६३ प्रकारे लिहिता येते. सगळ्यात सोपा प्रकार: ४,३७,६९,६५९ + ४,३७,६९,६६०.

६. वर्गांची बेरीज

मघाची ८ ची बाकी आता काढा. कुठल्याही वर्गाला ८ ने भागलं की बाकी ०, १ किंवा ४ च येते. दोन किंवा तीन वर्ग घेऊन या तीन आकड्यांतून ७ ची बाकी जमतच नाही, करून बघा. म्हणजे आपली संख्या दोन वर्गांची बेरीज नाही आणि तीन वर्गांचीही नाही. एवढा ठाम निकाल केवळ शेवटच्या तीन अंकांवरून मिळतो. अशा वेळी तासन् तास जोड्या शोधत बसू नये म्हणून ही बाकी आधी काढायची.

चार वर्ग मात्र नक्की पुरतात. कुठल्याही धन पूर्णांकाला ते पुरतात हे लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केलं. मग ते शोधायचे कसे? सहज सुचणारा मार्ग म्हणजे सर्वात मोठा वर्ग आधी काढणं. तो इथे अडकतो: ९,३५६² = ८,७५,३४,७३६, उरले ४,५८३, आणि ४,५८३ ला ८ ने भागल्यावर पुन्हा ७ उरतात. उरलेलं तीन वर्गांत बसणारच नाही. कारण असं की ९,३५६ ला ४ ने भाग जातो, त्यामुळे त्याचा वर्ग ८ च्या बाकीत काहीच बदल करत नाही.

विषम संख्या घ्या: ९,३५५² = ८,७५,१६,०२५, उरले २३,२९४. यातून १५२² काढले तर १९० उरतात. त्यात १९ हा अवयव एकदाच येतो आणि १९ ला ४ ने भागल्यावर ३ उरतात, म्हणून १९० दोन वर्गांत बसत नाही. १५१² = २२,८०१ काढले तर ४९३ उरतात, आणि ४९३ = ४८४ + ९. म्हणून

८,७५,३९,३१९ = ९,३५५² + १५१² + २२² + ३²

७. घनांची बेरीज

हा या संख्येचा सर्वात देखणा भाग आहे, म्हणून इथे सावकाश चला.

दोन घनांसाठी अ आणि ब शोधायचे आहेत. त्यांच्या बेरजेला स म्हणू. मग

अ³ + ब³ = स × (स² − ३ × अ × ब)

यावरून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, स हा संख्येचा *विभाजक* असलाच पाहिजे. दुसरी, अ आणि ब धन असतील तर स³ संख्येपेक्षा मोठा आणि संख्येच्या चौपटीपेक्षा जास्त नाही. ४४४³ = ८,७५,२८,३८४ संख्येपेक्षा थोडा कमी आणि ७०५³ = ३५,०४,०२,६२५ चौपटीपेक्षा (३५,०१,५७,२७६) थोडा जास्त. म्हणजे स ४४५ ते ७०४ च्या दरम्यान. तिसरी, घनाला ३ ने भागल्यावर, तो ज्या संख्येचा घन आहे तिच्याइतकीच बाकी उरते, म्हणून आपल्या संख्येसाठी स ला ३ ने भाग गेलाच पाहिजे.

६४ विभाजकांपैकी ४४५ ते ७०४ मध्ये फक्त चार बसतात: ४६९, ६०३, ६५१ आणि ६६९. ४६९ (७ × ६७) ला ३ ने भाग जात नाही, तो बाद. उरले तीन.

प्रत्येकासाठी पायऱ्या अशा: संख्येला स ने भागा, तो भागाकार स² मधून वजा करा, ३ ने भागा. हा झाला अ × ब. मग स² मधून त्याची चौपट वजा करा. उत्तर पूर्ण वर्ग आलं तर त्याचं वर्गमूळ म्हणजे अ आणि ब मधला फरक.

स = ६०३: भागाकार १,४५,१७३; स² = ३,६३,६०९; फरक २,१८,४३६; ३ ने भागून ७२,८१२. ३,६३,६०९ − २,९१,२४८ = ७२,३६१ = २६९². म्हणून (६०३ + २६९) ÷ २ = ४३६ आणि १६७.

स = ६५१: भागाकार १,३४,४६९; स² = ४,२३,८०१; फरक २,८९,३३२; ३ ने भागून ९६,४४४. ४,२३,८०१ − ३,८५,७७६ = ३८,०२५ = १९५². म्हणून ४२३ आणि २२८.

स = ६६९: भागाकार १,३०,८५१; स² = ४,४७,५६१; फरक ३,१६,७१०; ३ ने भागून १,०५,५७०. ४,४७,५६१ − ४,२२,२८० = २५,२८१ = १५९². म्हणून ४१४ आणि २५५.

८,७५,३९,३१९ = ४३६³ + १६७³ = ४२३³ + २२८³ = ४१४³ + २५५³

अवयवांकडे पुन्हा बघा: ६०३ = ९ × ६७, ६५१ = ३ × ७ × ३१, ६६९ = ३ × २२३. तिसऱ्या टप्प्यात एकेक करून काढलेला प्रत्येक अवयव कुठल्या ना कुठल्या बेरजेत आला आहे. आणि चौथा प्रकार नाही हेही याच कामात सिद्ध झालं, कारण सगळे उमेदवार तपासून संपले.

दोन सावधगिरीच्या सूचना. ऋण संख्या चालणार असतील तर स ची खालची मर्यादा लागू होत नाही. उदाहरणार्थ ९१ = ३³ + ४³, पण ९१ = ६³ − ५³ सुद्धा. प्रश्न धन संख्यांचा आहे की सर्व पूर्णांकांचा हे आधी ठरवा. दुसरं, ही ‘सर्वात लहान’ आहे हे वरच्या हिशेबातून सिद्ध होत *नाही*. त्यासाठी १ ते ४४४ मधल्या सगळ्या जोड्यांच्या (९८,७९०) घनांच्या बेरजा काढून, चढत्या क्रमाने लावून, तीनदा येणारी पहिली बेरीज कोणती ते बघावं लागतं. संगणकाला हे काम काही सेकंदांचं आहे.

८. अंकांवर अवलंबून असलेले गुणधर्म

हे शेवटी ठेवा, कारण ते संख्येपेक्षा तिच्या लेखनाबद्दल जास्त सांगतात. द. रा. कापरेकर यांची हर्षद संख्या म्हणजे जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती. आपली बेरीज ४५, पण ५ ने भाग जात नाही, म्हणून ही हर्षद नाही.

द्विमान पद्धतीत हिला २७ अंक लागतात: १०१ ००११ ०१११ १०११ १११० ०१११ ०१११. त्यात १९ एक आणि ८ शून्यं. शेवटचे १११ म्हणजेच ८ ने भागल्यावरची ती ७ ची बाकी.

१ ला या संख्येने भागलं तर दशांश चिन्हानंतर लगेच आवर्तन सुरू होतं, कारण अवयवांत २ किंवा ५ नाही. आवर्तनाची लांबी प्रत्येक अवयवाच्या लांबीवरून निघते: २७ ची ३, ७ ची ६, ३१ ची १५, ६७ ची ३३, २२३ ची २२२. यांचा गुणाकार करायचा नाही, लसावि काढायचा: १२,२१० अंक.

९. संख्या याहून मोठी असेल तर

पंधरा अंकांपुढे एक्सेलवर विसंबू नका. पाच प्रकारे दोन धन घनांची बेरीज होणारी सर्वात लहान संख्या ४८९८८६५९२७६९६२४९६ तिथे टाकली की शेवटचे दोन अंक शून्य होतात आणि दुसरीच संख्या साठवली जाते. पायथॉनमध्ये पूर्णांक हवे तेवढे मोठे चालतात, पण एका तिरक्या रेघेचा भागाकार दशांशात जातो आणि मोठ्या संख्येत शेवटचे अंक गमावतो. दोन तिरक्या रेघा वापरा, आणि वर्गमूळासाठी पूर्णांक वर्गमूळ देणारं फंक्शन.

उरलेला अवयव मोठा असेल तर तो मूळ आहे का हे आधी तपासा. फर्माची साधी कसोटी (घाताची बाकी बघून मूळपणा ठरवणारी) यासाठी पुरेशी नाही, ५६१ आणि खुद्द १७२९ तिला फसवतात. मिलर-राबिन ही तिचीच कडक आवृत्ती २, ३, ५, ७ या चार संख्या पाया धरून लावली तर ३,२१,५०,३१,७५१ पेक्षा लहान संख्यांसाठी उत्तर पक्कं असतं. अवयव पाडणं मात्र अंकांबरोबर झपाट्याने अवघड होतं. आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचे अवयव २०२० मध्ये पडले, तेही असंख्य संगणक कामाला लावून.

सरावासाठी आधी ४,१०४ घ्या: सातव्या टप्प्याप्रमाणे १८, १९ आणि २४ असे तीन उमेदवार मिळतील आणि त्यातला एक ३ च्या भागाकारात गळेल. मग २०,६८३ घ्या. त्यात उमेदवार दोनच आहेत आणि दोन्ही चालतात.